एकांची रांग आणि शेजारची संख्या

पणजीच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४०३००१ आहे, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. पाकिटावर, अर्जावर, घरपोच वस्तू मागवताना मोबाईलच्या पडद्यावर ही सहा अंकांची ओळख आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. ही संख्या मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही पूर्ण संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पिनकोडची योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. सरकारी सेवेतले अधिकारी आणि संस्कृत कवी अशी त्यांची दुहेरी ओळख होती. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांची योजना देशात लागू झाली. पणजीला मूळ संख्या द्यावी असे काही त्यांच्या मनात नसणार. गोव्याच्या वाट्याला ४०३ आले, राजधानीच्या वाट्याला ००१ आले आणि योगायोग जुळला.

मराठी मुलुखाच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ कटंगी हे तहसिलीचे गाव आहे. तिथल्या मराठी घरातला मुलगा हिंदी शाळेत जातो आणि आपण ज्यांना मूळ संख्या म्हणतो त्यांना ‘अभाज्य’ म्हणायला शिकतो. हा हिंदी शब्द अर्थाच्या दृष्टीने अधिक चोख आहे, हे मान्य करायला हवे. कटंगीचा पिनकोड ४८१४४५. त्याच्या शेवटी ५ आहे, म्हणजे ५ ने भाग जाणारच. ५ गुणिले ९६२८९. एवढ्यावर त्याचा निकाल लागला. संख्या मूळ नाही हे दाखवायला एक भाजक पुरतो. संख्या मूळ आहे हे दाखवायचे, तर एकही भाजक नाही हे दाखवावे लागते. ‘नाही’ सिद्ध करणे न्यायालयात अवघड असते आणि गणितातही अवघडच असते.

पणजीच्या संख्येपुरते हे काम हाताने होण्यासारखे आहे. कोणत्याही संख्येचे दोन अवयव पाडले, तर दोन्ही तिच्या वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत. एक तरी वर्गमुळाच्या आत राहतो. ४०३००१ चे वर्गमूळ ६३५ पेक्षा किंचित कमी आहे. तेव्हा ६३५ च्या आतील मूळ संख्यांनी भागून पाहिले की झाले. अशा मूळ संख्या ११५ आहेत. चिकाटीच्या माणसाची एक दुपार जाईल, पण संध्याकाळपर्यंत खात्री पटेल. प्रश्न सुरू होतो तो संख्या वाढू लागल्यावर. वीस अंकी, तीनशे अंकी, चार कोटी अंकी संख्या मूळ आहे असे कोणी सांगितले, तर ते त्याला कळले कसे? भागाकार करून तर नक्कीच नाही.

या प्रश्नाकडे जाण्याची एक सोपी वाट नाशिकजवळच्या देवळालीतून जाते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. ठाण्याच्या शाळेत आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ या अंकाने त्यांचे नाव जगभर नेले, पण ती कथा अनेकदा सांगून झाली आहे. त्यांना एकाच अंकाच्या रांगांचेही वेड होते. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ एकांच्या रांगेचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. असल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ संख्या असे नाव दिले. ही कल्पना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली त्याचेच ते नाव होते. विद्यापीठांतल्या अनेकांना हा सगळा पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या स्तंभात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाने दखल घेतली. पोरखेळ म्हणून बाजूला सारलेल्या याच रांगांमध्ये मूळ संख्यांचा एक अतिशय कठीण प्रश्न दडलेला आहे.

निव्वळ एकांनी बनलेल्या संख्येला गणितात ‘रेप्युनिट’ म्हणतात. आपण तिला एकांची रांग म्हणू. दोन एकांची रांग म्हणजे ११, ही मूळ संख्या. तीन एक: १११, म्हणजे ३ गुणिले ३७. चार एक: ११ गुणिले १०१. पाच एक: ४१ गुणिले २७१. सात एक: २३९ गुणिले ४६४९. रांगेतील एकांची गणती संयुक्त असेल तर रांगही संयुक्तच निघते, हे कागदावर पाहताक्षणी पटते. सहा एकांची रांग दोन-दोनच्या तीन जोड्यांत मोडता येते, म्हणून तिला ११ ने भाग जातो. तीन-तीनच्या दोन तुकड्यांत मोडता येते, म्हणून १११ नेही जातो. तेव्हा रांग मूळ असायची तर एकांची गणती आधी मूळ असली पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. अकरा एकांची रांग २१६४९ गुणिले ५१३२३९ अशी फुटते. तेरा एकांची फुटते, सतरा एकांचीही फुटते. आणि मग एकोणीस एकांची रांग येते:

१११११११११११११११११११

ती फुटत नाही. ही मूळ संख्या आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. एकं-दहं-शतंची उजळणी करणाऱ्या पिढ्यांना परार्ध म्हणजे मोजण्याची शेवटची पायरी वाटत असे. आपली ही संख्या त्या पायरीच्या एक घर पुढे आहे. तिचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी येते. त्याच्या आतल्या मूळ संख्या पाच कोटींहून अधिक आहेत. तेवढे भागाकार हाताने करायला माणसाचे आयुष्य पुरणार नाही. तरीही ऑस्कर हॉपे यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, संगणक नसताना, ही संख्या मूळ असल्याचे दाखवले. पुढच्या दशकाच्या अखेरीस तेवीस एकांची रांगही मूळ ठरली.

आता एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट. एखाद्या मोठ्या संख्येच्या पोटात भाजक शोधत बसण्याऐवजी तिच्या शेजारच्या संख्येचे अवयव पाडले, तर तिच्या मूळपणाचा पुरावा मिळू शकतो. कसा, ते ११ या सर्वांत लहान रांगेवर पाहू. २ चे घात घ्यायचे आणि प्रत्येकाला ११ ने भागून बाकी लिहायची. २, ४, ८. मग १६ ची बाकी ५. पुढे १०, ९, ७, ३, ६ आणि दहाव्या घाताला, म्हणजे १०२४ ला, बाकी १. या दहा बाक्यांत १ पासून १० पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच आली आहे, एकही सुटलेली नाही. आता हेच १५ बाबत करून पाहा: २, ४, ८, १ आणि पुन्हा २, ४, ८, १. इथे ३ कधी येत नाही, ५ ही येत नाही. कारण ३ आणि ५ हे १५ चे भाजक आहेत आणि ज्या संख्येचा १५ शी एकही समान अवयव नाही, तिच्या घातांच्या बाक्यांत १५ चा भाजक शिरूच शकत नाही. उलट बाजूने वाचले तर हाच पुरावा होतो. घातांच्या बाक्यांनी १ पासून स्वतःच्या आधीच्या संख्येपर्यंतची सगळी घरे भरली, तर त्या संख्येला भाजक उरायला जागाच नाही.

सगळी घरे भरली हे पाहायला सगळी घरे मोजावी लागत नाहीत, आणि शेजारी उपयोगी पडतो तो इथेच. ११ चा आधीचा शेजारी १०, त्याचे मूळ अवयव २ आणि ५. दहाव्या घाताला बाकी १ आली पाहिजे आणि १० ला २ ने किंवा ५ ने भागून मिळणाऱ्या घातांना, म्हणजे पाचव्या आणि दुसऱ्या घाताला, ती १ येता कामा नये. २ चा पाचवा घात ३२, बाकी १०. दुसरा घात ४, बाकी ४. एक तपासणी होकाराची, दोन नकाराच्या, काम संपले. ही कसोटी एकोणिसाव्या शतकातल्या एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाच्या कामातून आली.

पणजीकडे पुन्हा एकदा पाहा. ४०३००१ चा आधीचा शेजारी ४०३०००. गोव्याचे ४०३ म्हणजे १३ गुणिले ३१, उलटसुलट अंकांची ही जोडी. आणि हजार म्हणजे २ आणि ५ यांचे तीन-तीन घात. शेजाऱ्याचे वेगवेगळे मूळ अवयव फक्त चार: २, ५, १३, ३१. दुपारभराच्या ११५ भागाकारांऐवजी चार नकार आणि एक होकार.

आणि एकांच्या रांगेचे भाग्य तर त्याहून मोठे. एकोणीस एकांच्या रांगेतून १ वजा केला की अठरा एक आणि शेवटी शून्य उरते. म्हणजे शेजारी काय, तर दहापट केलेली अठरा एकांची रांग! अठरा ही संख्या तर अनेक तऱ्हांनी मोडते, म्हणून ती रांगही सहज फुटते. नऊ एकांचे दोन तुकडे पाडले की एकीकडे १११११११११, म्हणजे ३ चा वर्ग गुणिले ३७ गुणिले ३३३६६७; दुसरीकडे १०००००००० च्या दहापटीत एक मिळवून येणारी संख्या, म्हणजे ७, ११, १३, १९ आणि ५२५७९ यांचा गुणाकार. दहापटीमुळे आलेले २ आणि ५ त्यांत घाला. शेजाऱ्याचे वेगवेगळे मूळ अवयव एकूण दहा झाले. तेव्हा पाच कोटी भागाकारांच्या जागी दहा-अकरा तपासण्या उरतात आणि प्रत्येकीत एखाद्या मोठ्या घाताची बाकी काढायची असते. वर्गाचा वर्ग, त्याचा पुन्हा वर्ग असे करत गेले की साठेक पायऱ्यांत तो घात हाती येतो. कागद-पेन्सिलीने हे किचकट आहे, पण अशक्य नाही.

आता मोठी उडी घेऊ. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालेली संख्या त्या वेळी जगातील सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ठरली. २ चा १३६२७९८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. नेहमीच्या पद्धतीने लिहिल्यास तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. दर पानावर ५००० अंक छापले तरी ८२०० हून अधिक पाने लागतील. पण संगणकाच्या भाषेत, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत, ती लिहिली तर काय दिसते? १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एक, ओळीने. मधे एकही शून्य नाही. देवळालीच्या मास्तरांच्या वहीतली रांगच ही, फक्त पाया दहाऐवजी दोनाचा. रांगेचा नियमही तोच: एकांची गणती मूळ असल्याशिवाय संख्या मूळ होत नाही, आणि ती मूळ असली तरी हमी नाही. अकरा एकांची ही द्विमान रांग म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ अशी फुटतेच. अशा मूळ संख्यांना सतराव्या शतकातील मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नावाने मर्सेन मूळ संख्या म्हणतात.

इथेही पुरावा शेजारी देतो, मात्र पुढच्या बाजूचा. संख्येत १ मिळवला की निव्वळ २ चा घात उरतो. त्याचा मूळ अवयव एकच, २. याहून मोकळ्या मनाचा शेजारी मिळायचा नाही. ल्युका आणि त्यांच्या नंतर डी. एच. लेमर यांनी या शेजाऱ्याच्या आधारे एक कसोटी दिली. ती इतकी सोपी आहे की इथेच करून पाहता येते. पाच एकांची द्विमान रांग म्हणजे ३१. सुरुवात ४ पासून करायची. प्रत्येक पायरीला वर्ग करायचा, त्यातून २ वजा करायचे आणि ३१ ने भागून बाकी घ्यायची. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. गणती ५ असेल तर पायऱ्या ३, म्हणजे गणतीहून दोन कमी. शेवटी शून्य आले की संख्या मूळ, नाही आले की नाही. १८७६ साली ल्युका यांनी हाताने १२७ एकांच्या द्विमान रांगेचा निकाल लावला. ती ३९ अंकी मूळ संख्या पुढे १९५१ पर्यंत सर्वांत मोठी राहिली.

२०२४ च्या संख्येचा शोध ‘गिम्प्स’ या स्वयंसेवकांच्या उपक्रमातून लागला. शोधणारे ल्यूक ड्युरँट यांनी सतरा देशांत पसरलेली भाड्याची यंत्रे त्यासाठी जुंपली होती. त्या दोन दिवसांचा क्रम पाहण्यासारखा आहे. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधील एका यंत्राने कळवले की ही संख्या बहुधा मूळ आहे. १२ ऑक्टोबरला अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथील दुसऱ्या यंत्राने ल्युका-लेमर कसोटी पूर्ण करून सांगितले की ती मूळ आहे. ‘बहुधा’ पासून ‘आहे’ पर्यंतचे अंतर इथे एका दिवसाचे होते, कारण शेजारी बोलका होता. हे अंतर नेहमी इतके थोडके नसते.

‘बहुधा’ म्हणजे काय? फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात सांगितले होते की मूळ संख्येबाबत तिच्याहून एकाने कमी घाताची बाकी नेहमी १ येते. वर ११ च्या बाबतीत ते आपण पाहिले. मग एखाद्या मोठ्या संख्येबाबत अशी बाकी १ आली, तर ती मूळ समजावी काय? ३४१ घ्या. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे ३४१ ची तिप्पट अधिक १. म्हणून दहाव्या घाताला बाकी १, आणि म्हणून तीनशे चाळिसाव्या घातालाही १. परीक्षा उत्तीर्ण. पण ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१! असे तोतये विरळा असतात आणि अधिक कडक परीक्षा घेतल्यास आणखी विरळा होतात, तरी ते असतात. बँकेच्या व्यवहारांना कुलूप घालण्यासाठी संगणक तीनशेहून अधिक अंकांच्या मूळ संख्या निवडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा अशा कडक परीक्षांवरच समाधान मानतो; संपूर्ण सिद्धतेची वाट पाहत नाही. चूक होण्याची शक्यता इतकी सूक्ष्म असते की व्यवहाराला ती चालते. गणिताला ती चालत नाही.

या ‘बहुधा’ची सर्वांत मोठी किंमत मोजणारा भारतीय गणितज्ञ गोव्याचा होता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांच्या नावाचा विचार महोत्सव पणजीत भरतो, त्यातही गणिताला जागा क्वचितच मिळते. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे हे चिरंजीव हार्वर्डहून परतल्यावर आयुष्यभर व्यवसायाने गणितज्ञच होते. कापरेकर ज्या फर्ग्युसनमध्ये शिकले, तिथे पुढे कोसंबींनी गणित शिकवले आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते रुजू झाले. आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्यांना मूळ संख्यांनी पछाडले.

त्यांची दृष्टी संख्याशास्त्रज्ञाची होती. मूळ संख्या पुढे पुढे विरळ होत जातात, हे सर्वज्ञात आहे. पणजीच्या पिनकोडच्या आसपास साधारण तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या भेटते, एकोणीस अंकी रांगेच्या परिसरात बेचाळीसांमागे एक. कोसंबींनी संख्यारेषेचे असे तुकडे पाडले की प्रत्येकात सरासरीने सारख्याच मूळ संख्या अपेक्षित असाव्यात. पुढे गेले की तुकडे लांब करत जायचे. मग प्रत्येक तुकड्यात प्रत्यक्षात किती सापडतात ते मोजले. टेलिफोन केंद्रावर दर मिनिटाला येणारे कॉल जसे कधी दोन, कधी पाच, कधी एकही नाही अशा ठरावीक यदृच्छेने येतात, तशीच विखुरण मूळ संख्यांत दिसते असे त्यांचे म्हणणे होते. १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्यांचा या विषयावरचा निबंध छापून आला. इथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते.

पण त्याआधीच, १९५९ साली, भारतातील कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात लिहिताना ते बरेच पुढे गेले होते. मूळ संख्यांची प्रत्यक्ष गणती सरासरीपासून किती भरकटू शकते याची मर्यादा सांगणारे रीमान यांचे गृहीतक शंभर वर्षे सिद्धतेवाचून पडून होते. आपल्या संभाव्यतेच्या पद्धतीने ते सिद्ध होते, असा कोसंबींचा दावा होता. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही, आणि त्यांचे बरोबर होते असेच म्हणावे लागते. संभाव्यतेचा सिद्धांत बोलतो तो शक्य असलेल्या जवळजवळ सर्व क्रमांविषयी. मूळ संख्यांचा क्रम मात्र एकच आहे, आणि तो त्या ‘जवळजवळ सर्वां’त मोडतो की उरलेल्या अपवादांत, हे वेगळे सिद्ध करावे लागते. यदृच्छेसारखे दिसणे आणि यदृच्छा असणे यांत फरक आहे. ११ गुणिले ३१ ही संख्यासुद्धा मूळ असल्यासारखीच दिसली होती. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्यामागे इतरही मतभेद होते, पण या दाव्याने त्यांची पत ढासळली होती हे सर्वमान्य आहे. मूळ संख्यांवरचे काही निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध केले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रीमानचे गृहीतक अजून सिद्ध झालेले नाही. मूळ संख्या यदृच्छेने वागतात असे मानून केलेले अंदाज मात्र आजही संशोधक रोज वापरतात, आणि ते बहुतांशी बरोबर येतात. कोसंबींची नजर चुकीची नव्हती. ज्या शब्दावर ते अडखळले तो ‘सिद्ध’ हा एकच शब्द होता.

एकांच्या रांगांची पुढची कहाणी याच शब्दाभोवती फिरते. तेवीसनंतरची मूळ रांग थेट ३१७ एकांची. ती १९७० च्या दशकात ह्यू विल्यम्स यांनी सिद्ध केली. त्यानंतरची १०३१ एकांची, १९८० च्या दशकात, विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी. मग वाट अडली. १९९९ साली डबनर यांना ४९०८१ एकांची रांग सापडली. ती सगळ्या परीक्षा उत्तीर्ण झाली, पण तिचा शेजारी, म्हणजे दहापट केलेली ४९०८० एकांची रांग, हवी तेवढी फुटेना. शेजारी गप्प राहिला की ल्युकांची कसोटी लंगडी पडते.

२००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवून दिले की शेजाऱ्याच्या मदतीवाचून, कोणत्याही संख्येचा मूळपणा, यदृच्छेचा आधार न घेता, वाजवी पायऱ्यांत ठरवता येतो. तत्त्वतः प्रश्न मिटला आणि त्याचे जगभर कौतुक झाले. पण प्रत्यक्ष हजारो अंकी संख्यांसाठी त्यांची रीत संथ पडते. तिथे लंबवर्तुळाकार वक्रांवर आधारलेली दुसरी पद्धत कामी येते: दिलेल्या संख्येचा मूळपणा तिच्याहून लहान संख्येच्या मूळपणावर टाकायचा, तिचा आणखी लहान संख्येवर, अशी साखळी खाली उतरवत न्यायची. या पद्धतीने ४९०८१ एकांची रांग २०२२ साली मूळ असल्याचे सिद्ध झाले. ‘बहुधा’ हा शब्द पुसायला तेवीस वर्षे लागली. पुढच्या वर्षी आंद्रेआस एंगे यांनी ८६४५३ एकांची रांग सिद्ध केली.

२०२१ साली रायन प्रॉपर आणि सर्ज बताल्लोव यांना आणखी दोन रांगा सापडल्या. एकीत ५७,९४,७७७ एक आहेत, दुसरीत ८१,७७,२०७. दोन्ही सर्व परीक्षांतून पार पडल्या आहेत. दोघींचेही शेजारी पुरेसे फुटत नाहीत आणि वक्रांची साखळी इतक्या उंचीवरून खाली आणणे आजच्या यंत्रांना झेपत नाही. याद्यांमध्ये त्यांच्या नावापुढे ‘संभाव्य’ असे लिहिलेले असते.